दुसरं अंथरूण

मोजायची टेप घेऊन दोन मुली दारात उभ्या दिसल्या आणि आजींना वाटलं, घरमालकांनीच तपासणीला पाठवल्यात. भाडेकरार एकटीने राहायच्या अटीवर केलेला. धाकट्या बहिणीला तीन वर्षं लपवून ठेवलेलं. त्यांनी तिला घाईघाईने न्हाणीघरात ढकललं.

"आजी, घाबरू नका. आम्ही आर्किटेक्चर शिकतो. एवढ्याशा खोलीत माणसं कशी सामावतात, ते बघायचंय. नावं लिहीत नाही कुणाची."

"अगं, मग आधी सांगायचं ना! ये गं बाहेर, पोरीच आहेत. हे बघा, मी खिडकीशी झोपते, ही दाराशी. घोरते मेली!"

एका मुलीने हसत हसत नकाशात दोन अंथरुणं काढली.

"झालं, आजी. आता हा तेवढा घरमालकांना दाखवते. प्रत्येक खोलीचा नकाशा आधी त्यांना दाखवायच्या बोलीवरच त्यांनी आम्हाला आत सोडलंय."