आई, जेवलो

शिक्रापूरच्या कंपनीत लागल्यापासून सत्यजीतला रोज भर दुपारी न्हावऱ्याहून आईचा फोन यायचा, "जेवलास का?" मीटिंगमध्ये फोन वाजायला नको म्हणून त्याने खोलीवरच्या कॉम्प्युटरला एक काम लावून दिलं. रोज दुपारी आईला आपोआप मेसेज जायचा, "आई, जेवलो. पोट भरलं." फोन बंद झाले.

या रविवारी तो न कळवता सकाळीच घरी आला. आईने, मुक्ताबाईंनी, हौसेने गावरान कोंबडी शिजवली आणि बापलेकाला ताटं वाढली. सत्यजीतने भाकरी मोडली तोच मुक्ताबाईंचा मोबाइल वाजला. चष्मा लावून त्यांनी मेसेज वाचला, लेकाकडे पाहिलं आणि त्याचं ताट नवऱ्यापुढे सरकवलं.


"अवो, ह्ये बी तुमीच घ्या. तुमचा ल्योक तिकडं पोटभर जेवून बसलाय."