पुढे जा म्हणणारा हात

विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधून दुरुस्त झालेलं मळणी यंत्र आम्ही चाकसू गावापलीकडच्या एका शेतावर नेत होतो. पंढरीनाथकाका पुढे ट्रॅक्टरवर, मी मागे कारमध्ये, चारही इंडिकेटर लावून. यंत्राच्या रुंद बाजूला लाल फडकं बांधलेलं. दोघांचेही फोन सुरूच, स्पीकरवर.

काका फौजेतून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. समोरचा रस्ता मोकळा दिसला की ते उजवा हात बाहेर काढून हलवायचे आणि मागच्या गाड्या त्या भरवशावर पुढे निघून जायच्या. यंत्र इतकं उंच होतं की मला त्यांचा तेवढा हातच दिसायचा.

दुपदरी रस्त्याला लागल्यावर तो हात थांबेचना. एक जीप पुढे निघाली आणि समोरून येणाऱ्या ट्रकने करकचून ब्रेक मारला.

“काका, हात आत घ्या. समोरून गाड्या येताहेत.”

“मी कुठे काढलाय, प्रणाली? दोन्ही हात स्टीअरिंगवर आहेत माझे.”

हात हलतच होता. सावकाश, या, या म्हणत.

“उलट तूच आत घे,” काका म्हणाले. “मघापासून आरशात बघतोय. कुणाला बोलावतेयस?”

एसी चालू होता. माझ्या चारही काचा बंद होत्या.

पुढच्या वळणापलीकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. आणि माझ्या मागची स्कूलबस, इशारा मिळाल्यासारखी, उजवीकडे बाहेर निघाली.