मुलुंडची फायनल

लवूच्या मते आताचे फायटर म्हणजे नुसता हिशेबीपणा. टीव्हीवर जाळीच्या पिंजऱ्यात दोन धिप्पाड माणसं एकमेकांभोवती फिरत होती आणि तो पलंगावर बसून त्यांच्यावर उखडला होता. एक लाथ मारायला एवढा विचार कसला करतात, मुलगी बघायला आलेत काय, असं त्याचं म्हणणं.

त्याची मुलगी श्रुतिका जोगेश्वरीतच एका जिममध्ये शिकवायची आणि स्वतःही पिंजऱ्यात उतरायची. तिला हे सहन होत नसे. आताच्या हेवीवेटला लाथ येते, गुद्दा येतो, उचलून आपटता येतं, जमिनीवर मान आवळता येते. तुमच्या काळचे किकबॉक्सर खाली पडले की संपले, असं ती दर रविवारी ऐकवायची.

"पडलेल्याक मारूचा, ह्या काय खेळ झालो?" लवू सावकाश म्हणाला. "आमच्या टायमाक पडलेल्याक हात लावूचो नाय. कोपऱ्यात जावन गप रवाचा."

मग दोघंही निकालासाठी मधुकरकडे बघत. मधुकर चहात बिस्किट बुडवत राही आणि म्हणे, लवूचंच बरोबर आहे.

मधुकर बँकेतून निवृत्त झालेला, सहा फुटी, आता पोट सुटलेला. बोरिवलीहून दर रविवारी सकाळी येणारा. ब्याण्णव साली अख्ख्या मुंबईत हेवीवेट म्हणण्यासारखे किकबॉक्सर हे दोघंच, त्यामुळे फायनल कुठलीही असो, ती यांचीच. शेवटची मुलुंडला झाली, शाळेच्या मैदानात मांडव घालून. तिसऱ्या राउंडला लवूने मधुकरला असा आडवा केला की रेफरीचे दहा मोजून झाले तरी तो हलला नाही. लवू लाल चड्डीत, मधुकर निळ्या. ती लाल चड्डी लवूच्या बायकोने, शकुने, अजून इस्त्री करून कपाटात ठेवली होती.

त्यानंतर मधुकर पुन्हा रिंगणात उतरला नाही. लवूलाही पुढे खेळता आलं नाही. लग्नाआधी तो स्कूटरवरून पडला होता म्हणे, तेव्हापासून उजवा हात थरथरायचा आणि शब्द जुळवायला वेळ लागायचा. हॉस्पिटलात डोळे उघडले तेव्हा उशाशी मधुकर बसला होता, हे लवू फार अभिमानाने सांगायचा. हरलेला माणूस, पण भेटायला आला. तेव्हाची माणसंच वेगळी.

मधुकरची बायको सुहासिनी चिडवायची, एवढा मार खाऊनही तेहतीस वर्षं त्याच्याच दारात जाता. मधुकर हसून चपला घालायचा.

लवूची साठी जवळ आली. श्रुतिकाने महिनाभर खटपट करून घाटकोपरच्या एका फोटोग्राफरकडून त्या फायनलची कॅसेट मिळवली आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. वाढदिवसाला जिममधल्या मोठ्या पडद्यावर लावायची, असं तिच्या मनात होतं. मधुकरकाकाला अवघडल्यासारखं होईल म्हणून तिने त्याला आधी सांगितलं. जिन्यात, तो घरी निघताना.

मधुकरने कठडा धरला.

"ती लावू नकोस."

"काका, तुम्ही हरलात हे सगळ्यांना माहितीये ना. तुम्हीच तर सांगता."

"सांगणं वेगळं गं. लोकांनी बघणं वेगळं."

"पप्पांसाठी तरी?"

"त्याच्यासाठी मी आजवर खूप केलंय. आता एवढं एक माझ्यासाठी कर."

श्रुतिकाला रागच आला. साठीला टेकला तरी माणसाचा मानपान सुटत नाही, असं तिला वाटलं. पण काकाने तिला लहानपणी खांद्यावर घेऊन जुहूची चौपाटी फिरवली होती. कुणालाही दाखवणार नाही, असं तिने कबूल केलं.

साठीच्या दिवशी जिम माणसांनी भरली. लवूने ट्रॅक पँटवरून लाल चड्डी चढवली होती. केक कापून झाल्यावर तो नेहमीप्रमाणे मुलुंडच्या फायनलवर आला, आणि शब्द अडायला लागले तसा मधुकर उठून त्याच्यासमोर मॅटवर उभा राहिला. लवूने थरथरती मूठ उचलली आणि मधुकरच्या हनुवटीला नुसती टेकवली.

मधुकर धाडकन आडवा झाला. जिमची पोरं मोठ्याने आकडे मोजू लागली. लवू ठरल्यासारखा कोपऱ्यात जाऊन गप उभा राहिला. दहा झाले तरी मधुकर डोळे मिटून पडलेलाच. मग लवूने येऊन त्याला हात दिला, मिठी मारली, आणि दोघं म्हातारे बराच वेळ एकमेकांना धरून राहिले. श्रुतिकाला भरून आलं. काकावरचा तिचा सगळा राग तिथेच गेला.

माणसं पांगली. ती ऑफिसच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली. कुणाला दाखवायचं नाही एवढंच कबूल केलं होतं. तिने बघू नये असं कुठे ठरलं होतं? तिला फायनलशी घेणंदेणं नव्हतं. पप्पांचा न थरथरणारा हात तिने जन्मात पाहिला नव्हता, तो एकदा बघायचा होता. तिने पेन ड्राइव्ह लावला.

चित्र पावसासारखं फुटत होतं, रंग उडालेले. मांडव, लाकडी खुर्च्या, शिट्ट्या. तिसरा राउंड सुरू झाला आणि एक लाथ थेट कानशिलावर बसली. एकजण झाडासारखा कोसळला. दुसरा कोपऱ्यात जाऊन गप उभा राहिला. हातसुद्धा वर केले नाहीत. रेफरीने दहा मोजले. पडलेला हलला नाही. तेव्हा दुसरा धावत आला, गुडघ्यांवर बसला, पडलेल्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मांडवाकडे बघून कुणालातरी हाका मारू लागला.

श्रुतिकाने चित्र थांबवलं आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

हाका मारणाऱ्याची चड्डी निळी होती.