पक्कड घेऊन फिरणारा उंदीर

कमळाकरनं पिकअपचं बॉनेट वर केलं आणि बाबासो ड्रायव्हर दोन पावलं मागं सरला.

कमळाकर वायरमन जुईनगरचा मूळ गाववाला. आधी त्याची शेतं गेली, मग शेतांवर रस्ते आले, रस्त्यांवर गाड्या आल्या आणि गाड्यांच्या वायरी कमळाकरच्या हाती आल्या. वाशीत फ्यूज उडाला की जुईनगरात याला शिंक येते, अशी बोलवा होती. ती त्यानंच उठवली होती म्हणा, पण आज बाबासोला ती खरी वाटत होती. कारण दोन्ही हेडलाईट कशानं गेले, हे अख्ख्या नव्या मुंबईत एकट्या बाबासोला ठाऊक होतं. डॅशबोर्डच्या मागं हात घालून वायर त्यानंच कापली होती.

दिवस मावळला की त्याच्या डोळ्यांपुढं गोणपाट पडायचं. दिवसा घार, अंधारात कोंबडी. मालक हौसेराव म्हणजे वाशी मार्केटातला भाजीचा व्यापारी, साताऱ्याकडचा, बाबासोच्याच गावचा. सानपाड्याची खोली त्यानं बाबासोला ड्रायव्हर म्हणून दिलेली. गाडी सुटली की खोली सुटली. तेव्हा बाबासोनं आपल्या डोळ्यांचं दुखणं गाडीच्या माथी मारलं. लाईट नाही, तर रात्रीची फेरी नाही. दिवसाच्या फेऱ्यांवर संसार चालला होता. आज मात्र हौसेराव स्वतः बाबासोच्या शेजारी बसून गाडी इथं घेऊन आला आणि समोरच्या एसटीडी बूथवर फोन लावायला गेला.

कमळाकरनं बॅटरीवरून थेट वायर लावली. बल्ब लखलखला.

"बल्बला काय धाड नाय भरली. फ्यूज बी गुटगुटीत हाय."

"अर्थिंग गंजलं असंल," बाबासो म्हणाला.

कमळाकरनं पॉलिश पेपरनं अर्थिंगची जागा चकचकीत केली. लाईट ढिम्म.

"मग पायातला डिपरचा खटका बघा. लई जुना हाय त्यो."

"बाबासो, तू या गाडीचा ड्रायव्हर का वकील?"

असं म्हणत तो टेस्ट लॅम्प घेऊन डॅशबोर्डखाली उताणा घुसला. शिट्टी मारत होता. मग शिट्टी थांबली.

"तुटली नाय ही," आतून आवाज आला, अगदी हळू. "कापलीय. आनि कापनाऱ्यानं दोनी टोकांना येगली येगली टेप गुंडालली. शॉर्ट होऊन गाडी पेटू नये म्हनून. कोन दुश्मन येवरी माया करंल, बाबासो?"

बाबासो मडगार्डवर हात फिरवत राहिला.

चहा आला. उन्हं कधीच गेली होती, रस्त्यावरचे दिवे अजून लागले नव्हते. कमळाकरनं ग्लास पुढं केला. बाबासोचा हात वीतभर बाजूनं गेला आणि हवेत चाचपत राहिला. कमळाकरनं ती बोटं धरली, ग्लासाभोवती नीट बसवली आणि दुसरीकडे बघत आपला चहा ओढू लागला.

हौसेराव रस्ता ओलांडून आला. "सापडलं काय?"

"उंदीर, शेट," कमळाकर पटकन म्हणाला. "तुमच्या मार्केटातला. ते काय साधं उंदीर? पक्कड घेऊन फिरतात. सगली वायरिंग खाल्ली. आठवडाभर गाडी सोडा हितं."

"आठवडा? आजच्यापुरतं जोड काहीतरी." हौसेराव बाबासोकडे वळला. "बाबासोनाना, आत्ताच निघायचं. पहाटे साताऱ्याकडं घेवडा भरायचा आणि घरून माझ्या सुनयनाला घेऊन जाता जाता कोरेगावात सोडायचं. बाळाला घेऊन पहिल्यांदा सासरी निघालीय, उद्याचा दिवस चांगलाय. दुसऱ्या कुणासंगं धाडली नसती. पोरगी तुमच्या मांडीवर वाढली."

"शेट, जोडून चालनार नाय," कमळाकर म्हणाला. "घाटात बंद परली तर?"

बाबासोनं ग्लास खाली ठेवला.

"जोड, कमळाकर."

"आरं, पन..."

"जोड म्हंतो न्हवं."

कमळाकरनं टेप सोलली, तांब्याला तांबं पिळलं. समोरच्या कंपाउंडची भिंत एकदम उजळली. ‘येथे गाड्या लावू नयेत’ यातलं अक्षर न् अक्षर दिसायला लागलं. हौसेराव खूश झाला. बाबासोनं खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढं धरली.

"मालक, गाडी तुमीच न्या. अंधारलं की मला दिसत न्हाई."

हौसेराव हसला. बाबासोनं किल्ली मागं घेतली नाही.

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आदीपास्नं."

"आणि मला हे आज सांगताय?"

"आज लेकरू असणार गाडीत."

हौसेरावनं किल्ली घेतली. आत बसला, सीट पुढं ओढली. काच खाली करून म्हणाला, "खोलीचं... आलो की बघू." बाबासोकडे न बघता त्यानं गाडी काढली.

कमळाकरनं बाबासोचा दंड धरला. "चल. घरापर्यंत सोडतो तुला."

बाबासो हलला नाही. वळणावर इंजिन किंचाळलं. हौसेरावनं कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती.

"तिसरा गिअर टाका," बाबासो पुटपुटला. "किती वढताय दुसऱ्यावर... तिसरा टाका की वो, मालक."

आवाज हायवेकडे विरत गेला. बाबासोचा डावा पाय जमिनीत क्लच दाबत होता.