झोपमोड

"अरे हळू चालव, मेल्या! आत झोपलंय ते!"

टॅक्सीवाल्यानं आरशात पाहिलं. मागे चार बायका कोंबलेल्या, मूल एकीच्याही मांडीवर नाही. ओरडणारी म्हातारी, इत्तो, सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

सुनेला, तुदाला, पाचवा महिना होता. पंधरवड्यात तिसऱ्यांदा रक्त गेलं. डोंगरातल्या त्यांच्या गावात अशा वेळी सगळे एकच सांगतात, मूल पोटात झोपी गेलं. वर्षानं उठेल, नाहीतर दहा वर्षांनी. बाईनं गुपचूप वाट बघायची. तुदाचं डोकं फिरलं होतं. मूल आहे की गेलं, तिला आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं.

"लल्ला," ती सासूला म्हणाली, "गेलं असेल तर गेलं म्हणा ना सरळ!"

"जीभ आवर! जातबीत नाही. झोपतं."

मिदेल्त शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी पोटावर यंत्र फिरवलं. मग दिवा धरून खालून तपासलं. तुदा पाय एकसारखे हलवत होती, दोनदा बोलणी खाल्ली तिनं.

"गर्भाशयाच्या तोंडाशी बोराएवढा मांसाचा कोंब आहे. पॉलिप म्हणतात. रक्त त्याचं, बाळाचं नाही. आत्ता त्याला छेडायचं नाही, उगाच जास्त वाहील. बाळंत झालीस की बघू. तोवर नवऱ्याला लांब ठेव. रक्त वाढलं किंवा कळा आल्या तर तडक निघून ये."

"माझ्या इद्दरला मी गोठ्यात झोपवते," इत्तो फटकन म्हणाली.

"पण बाळ?" तुदाचा जीव टांगणीला लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा यंत्र टेकवून आवाज वाढवला. धडधड, धडधड. खोली भरून गेली. तुदा हसता हसता रडायला लागली.

इत्तो हसली नाही. यंत्राकडे टक लावून बघत राहिली.

"तुम्ही उठवलंत त्याला?"

"झोपलंच नव्हतं हो ते, खाला."

ते काही म्हातारीच्या कानात शिरलं नाही. तुदा खाली उतरायचा अवकाश, ती स्वतःच टेबलावर चढली. कमरेचा लोकरी पट्टा सोडू लागली, पण गाठ काही सुटेना.

"लल्ला! हे काय?"

"माझंही उठवा, बाई," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "इद्दरच्या पाठचं आहे. एकतीस वर्षं झोपलंय."