शिराकावाचा अंतराळतळ

विजयकुमार टिपणीसने शेवटचं चित्र बेसिनवर धरलं आणि काडी ओढली. कागद जाड होता, पेटायला वेळ लागला. उल्का दाराशी उभी होती.

"अहो, भला माणूस होता तो. लपवायचं कशाला?"

"त्याला आपण कधी पाहिलेलंच नाही," विजयकुमार म्हणाला. "कुणीही विचारलं तरी एवढंच सांगायचं."

तो म्हणजे शिराकावा. कार्टूनचे सिनेमे काढणाऱ्या एका जपानी कंपनीतला चित्रकार. अडीच वर्षांपूर्वी तो कुवेतमध्ये, अबू हलीफात त्यांच्या खालच्या मजल्यावर सहा आठवडे राहिला होता. अंतराळसफरीच्या एका सिनेमासाठी त्याला शत्रूचा तळ काढायचा होता, आणि जवळच्या शुऐबाचे तेलाचे कारखाने लांबून बघूनच तो वेडावला होता. आत जायची परवानगी नव्हती, फोटोंना बंदी. मग तिथेच नोकरीला असलेला विजयकुमारच ड्यूटीवरून आल्यावर त्याला तोंडी सांगायचा. मनोरे किती उंच, शिड्या कुठे, कुठला पाइप कुठून वळतो. शिराकावा मान खाली घालून काढत राहायचा आणि मधूनमधून उल्काच्या हातचे पोहे खायचा. जाताना चार चित्रं भेट देऊन गेला.

आणि आता, त्र्याऐंशीच्या डिसेंबरात, एका सकाळी शहरात एकामागून एक स्फोट झाले. शुऐबाही सुटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परदेशी लोकांच्या घरांच्या झडत्या सुरू झाल्या. नुसती दुर्बीण सापडली म्हणून एकाला बायकोमुलांसकट विमानात बसवल्याचं कानावर आलं. कारखान्याच्या आतली रचना आपण एका परक्या माणसाला सांगितली, यापुढे विजयकुमारचा विचारच जात नव्हता.

शनिवारी सकाळी त्याचा वरिष्ठ चंद्रहास टेबलापाशी आला. चेहरा उतरलेला.

"खाली सिक्युरिटीची गाडी उभी आहे. तुला बोलावलंय."

"मलाच?"

"नाव घेऊन."

गाडी विजयकुमारला घेऊन कुवेत सिटीत आली. त्याला एका खोलीत नेलं. तिथे टेबल, टीव्ही, व्हिडिओ आणि यूसुफ नावाचा अधिकारी. यूसुफचं लहानपण मुंबईत गेलेलं, हिंदी स्वच्छ.

"कुणी जपानी माणूस ओळखीचा?"

"नाही साहेब."

"घरी कधी आला होता?"

"कधीच नाही."

यूसुफने ते लिहून घेतलं, खाली विजयकुमारची सही घेतली. मग पेन ठेवून तो हसला आणि चहा मागवला.

"घाबरू नकोस, हे सगळ्यांनाच विचारतो. तुला बोलावलंय वेगळ्या कामासाठी. मराठी मंडळाचा अंक तूच काढतोस ना?"

"हो," विजयकुमार म्हणाला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा त्याचा श्वास मोकळा झाला.

"एका व्हिडिओच्या दुकानात ही जपानी कॅसेट मिळाली. कार्टून आहे. पण त्यातला शत्रूचा तळ म्हणजे शिडीन् शिडी तुमचा कारखाना. आतल्या माणसाने सांगितल्याशिवाय असं काढता येत नाही. शेवटी सिनेमा करणाऱ्यांची नावं येतात. जपानी दुभाष्याने सगळी वाचली, फक्त एक ओळ त्याला येईना. लिपी तुमची आहे. मला बोलता येतं, वाचता येत नाही."

"मी वाचतो की," विजयकुमार उत्साहाने म्हणाला.

"अकरा वाजता अमिरुन्निसा म्हणून हिंदीच्या एक शिक्षिका येताहेत. त्याही वाचतील. दोघांचं जुळलं की काम संपलं."

यूसुफने बटण दाबलं. काळ्या आकाशावर पांढरी जपानी अक्षरं वर सरकू लागली. एका जागी त्याने चित्र थांबवलं. ती ओळ छापील नव्हती, कुणीतरी हाताने लिहिलेली होती. उजवीकडे कललेलं ते वळण विजयकुमारने बारा वर्षं रोज पाहिलं होतं. अक्षर उल्काचं होतं.

"वाच," यूसुफ म्हणाला. "मोठ्याने."

'शुऐबाचे श्री. विजयकुमार टिपणीस यांस सप्रेम. हा तळ त्यांनी उभारला. मी फक्त रेघा ओढल्या.'