विहिरीपर्यंतची गोष्ट

"दादा, मोठ्यानं बोला की. ह्याला ऐकू जात न्हाय," मेहक म्हणाली आणि तिनं मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला.

सातवीतल्या नातीला शाळेनं काम दिलं होतं. 'मोबाईल नव्हता तेव्हा'. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलतं करायचं, पाच मिनिटांचा व्हिडिओ. घरात म्हातारं माणूस आता एकच होतं. सिकंदरची बायको सुलतानबी जाऊन दोन महिने होत आले होते. सुनेनं सिकंदरला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. तो पलंगाच्या कडेला बसला होता. शेजारी ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला," त्यानं सुरुवात केली. रेशनची यादी वाचावी तसा आवाज. "लाईट न्हवती. सांजच्याला कंदिलाच्या काचा राखेनं पुसायच्या. मोठ्या माणसाचा हात आत जात न्हाय, म्हणून ते काम माझ्याकडं. चूल पेटवायची तर शेजारच्या घरातनं शेणीवर इस्तू आणायचा, फुंकत फुंकत. वाटंत इझला की परत माघारी. उन्हाळ्यात डोंगरात करवंदं. परकराच्या ओच्यात भरून आणायची. डाग पडायचे, मग आईचा मार."

मेहकनं व्हिडिओ थांबवला.

"तुम्ही परकर घालत होता व्हय?"

स्वयंपाकघरात सून हसली आणि लगेच गप्प झाली.

"हे सगळं दादीचं हाय," मेहक म्हणाली. "तुम्ही तर इथलेच. कोल्हापुरातले."

"व्हय."

"मग तुमचं सांगा की."

"माझं काय सांगू? शाळा, मार, झोप. पाच मिनिटं कुठनं भरायची?"

मेहकनं थोडा विचार केला. "बरं, दादीचंच सांगा. पण दादीचं म्हणून सांगा, परकर चालंल मग. शेळीची गोष्ट सांगा. मी मागितली की ती म्हणायची, दादांना विचार, त्यांना पाठ हाय."

तिनं परत बटण दाबलं.

सिकंदरला काही आठवावं लागलं नाही. बेचाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट तिच्याच शब्दांत बाहेर आली.

"त्यांची एक शेळी होती. पांढऱ्या कानाची. एकदा दिवस मावळला तरी घरला आली न्हाय. फोन न्हाय, बॅटरी न्हाय. सगळी गल्ली कंदील घेऊन बाहेर पडली. ह्या बांधावरनं एकानं हाळी द्यायची, त्या बांधावरनं दुसऱ्यानं ओ द्यायची. दादी तुझ्याएवढी पण न्हवती. तिला वाटलं, विहिरीतनं आवाज येतोय. तिनं कंदिलाला कासरा बांधला आणि हळूहळू आत सोडला. एक पायरी दिसली. दुसरी दिसली. मग खाली पाणी चमकाय लागलं. आणि पाण्याच्या वरच्या पायरीवर..."

तो थांबला.

मेहक पुढं सरकली. "काय होतं?"

मोबाईलवर सेकंद पळत होते.

"शेळी होती?"

"इथं तिला हसू यायचं," सिकंदर म्हणाला. "एवढं, की बोलताच यायचं न्हाय. पदर तोंडावर धरून हसायची."

"पण पायरीवर काय होतं?"

"ठाऊक न्हाय."

सून ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली. "असं कसं, अब्बा? मला पण अम्मी म्हणायच्या, ती गोष्ट त्यांच्याकडनंच ऐक."

"व्हय. तिला तसं वाटायचं."

"कुणाला तरी फोन लावूया की," मेहक म्हणाली. "दादीच्या गावात."

"कुणाला लावणार? तिचा भाऊ गेल्या साली गेला. त्या घरातलं आता कोण न्हाय."

मेहकला ते पटेना. "पण हसून झाल्यावर दादी पुढचं सांगत असणार की. एवढी वर्षं!"

"सांगत असणार."

"मग?"

सिकंदरनं समोर बघितलं. मोबाईलच्या काचेत एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस बसला होता.

"शिरोलीत, फौंड्रीत, सातची पाळी असायची," तो म्हणाला. "ती हसाय लागली की मी म्हणायचो, ठाऊक हाय मला पुढचं. आणि सायकल काढायचो."